दूरचा गुरु आणि घरचा विद्यार्थी

इयत्ता चौथीच्या वर्गांत गुरुजी फळ्यावर एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश असे दोन अपूर्णांक लिहितात आणि विचारतात, "यांपैकीं मोठा कोणता?" बरींचशीं मुलें क्षणाचाहि विलंब न लावतां सांगतात, "एक चतुर्थांश." तिनांहून चार मोठे, हा त्यांचा न्याय. अनुभवी शिक्षकाला ही चूक नवी नसते. तो फळ्यावर दोन सारख्या भाकरी काढतो, एकीचे तीन व दुसरीचे चार वांटे करतो आणि विचारतो, "भूक लागली असतां कोणता वांटा उचलाल?" वर्गांत हंशा पिकतो आणि चूक जागच्या जागीं दुरुस्त होते. परंतु कोपऱ्यांतील एक मुलगा हंसत नाहीं. त्याच्या कपाळाला आठी पडलेली असते. शिक्षकाची नजर तिकडे जाते, तो त्या मुलाजवळ जाऊन उभा राहतो आणि तीच गोष्ट त्याला दुसऱ्या रीतीनें समजावून सांगतो. वर्गांतील अध्यापनाचें पुष्कळसें कौशल्य या नजरेंत सांठविलेलें असतें.

आतां हाच पाठ नभोवाणीवरून, दूरचित्रवाणीवरून किंवा मोबाइलच्या पडद्यावरून चालला आहे असें समजावें. शिक्षक तोच, भाकरी तीच, प्रश्नहि तोच. मात्र कोपऱ्यांतील मुलाच्या कपाळावरची आठी शिक्षकाला दिसत नाहीं. मूल आपल्या घरीं बसून एक चतुर्थांशच मोठा असें मनाशीं म्हणतें, आणि पाठ पुढें निघून जातो. दुसऱ्या दिवशीं अपूर्णांकांची बेरीज येते, तिसऱ्या दिवशीं वजाबाकी. पाया कच्चा राहिला हें कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं. खुद्द त्या मुलाच्याहि नाहीं. दूरशिक्षणांतील खरी अडचण ती हीच. शिक्षकाचा आवाज विद्यार्थ्यापर्यंत पोंचविण्याची विद्या मनुष्यानें केव्हांच साध्य केली आहे. विद्यार्थ्याची अडचण शिक्षकापर्यंत परत कशी पोंचवावी, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीला नव्यानें सोडवावा लागतो.

सन २०२० च्या मार्च महिन्यांत कोविडच्या साथीमुळें महाराष्ट्रांतील शाळा बंद झाल्या, तेव्हां हा प्रश्न घरोघरीं येऊन ठाकला. शहरांतील घरांत जेवणाच्या टेबलावर मोबाइल उभा राहिला. सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' नांवाची मालिका सुरू झाली. घरांतल्या वस्तू घेऊन मुलांनीं आपले आपण कांहीं करून पाहावें, असा तिचा रोख होता. सोलापुरांतील नीलमनगर वस्तींत तर घरांच्या भिंतींवरच धडे रंगविण्यांत आले; ज्या घरीं मोबाइल नाहीं त्या घरच्या मुलालाहि जातां येतां अक्षरें आणि आंकडे दिसावेत, हा त्यामागील हेतु. शिक्षकांनीं केलेली ही धडपड विसरण्यासारखी नाहीं. तरीहि 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणींत ग्रामीण भारताचें जें चित्र २०२२ सालीं पुढें आलें तें गंभीर होतें. दुसरीच्या पातळीचा उतारा वाचूं शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचें प्रमाण २०१८ सालीं शेंकडा २७.३ होतें; तें २०२२ सालीं शेंकडा २०.५ वर उतरलें. शाळा दीर्घकाळ बंद होत्या, गरिबी होती, उपकरणें नव्हतीं, हीं कारणें खरींच आहेत. परंतु जेथें उपकरण होतें तेथेंहि पुष्कळ घरीं हजेरी लागली, पाठ झाला, आणि मुलाच्या पदरांत काय पडलें हें कोणालाच कळलें नाहीं.

अशा प्रसंगीं दोष यंत्राला द्यावा, असा मोह होतो. पण यंत्र नवें असलें तरी दूरशिक्षण नवें नाहीं. सुमारें पावणेदोनशें वर्षें निरनिराळ्या देशांतील शिक्षकांनीं त्याचे प्रयोग केले आहेत. त्यांतील यशस्वी प्रयोग एकापुढें एक मांडून पाहिले, तर त्या सर्वांत एकच सूत्र ओंवलेलें आढळतें.

सन १८४० मध्यें इंग्लंडांत एका पेनीचें टपाल सुरू झालें. तत्पूर्वी टपालखर्च अंतरावर अवलंबून असे आणि तो सामान्य माणसाला परवडत नसे. आतां देशाच्या कोणत्याहि कोपऱ्यांत एका पेनींत पत्र जाऊं लागलें. बाथ येथील आयझॅक पिटमन या लघुलिपीच्या एका नव्या पद्धतीच्या जनकानें ही संधि तत्काळ ओळखली. तो विद्यार्थ्यांना टपालानें धडे पाठवी; पण तेवढ्यावर थांबत नसे. विद्यार्थ्यांनीं कांहीं मजकूर लघुलिपींत उतरवून तो परत पाठवावयाचा, पिटमननें त्यांतील चुका सुधारावयाच्या आणि तो कागद पुन्हां विद्यार्थ्याकडे जावयाचा, असा क्रम होता. विद्यार्थी वाढले तेव्हां एकट्यानें हें काम होईना. म्हणून १८४३ सालीं दुरुस्तीचें काम वांटून घेणारें एक पत्रव्यवहारी मंडळच स्थापन झालें. धडे छापून विकणारे पुष्कळ होते. पिटमनच्या योजनेंत विशेष होता तो चुका दाखवून परत येणारा कागद.

दुसरें उदाहरण ऑस्ट्रेलियाचें आहे. त्या खंडाच्या अंतर्भागांत मेंढ्यांचे व गुरांचे वाडे एकमेकांपासून शेंकडों मैल दूर असतात. तेथील मुलांना शाळा कोठली? आजारी माणसाला विमानानें मदत पोंचविणाऱ्या वैद्यांच्या संस्थेनें या वाड्यांवर बिनतारी यंत्रें बसविलीं होतीं. आल्फ्रेड ट्रेगर नांवाच्या कारागिरानें सायकलीसारखें पाय मारून वीज निर्माण करणारा संच बनविल्यामुळें जेथें वीज नाहीं तेथेंहि तीं चालत. अॅडेलेड मीथ्के या शिक्षिकाबाईंना १९४४ सालीं एक गोष्ट जाणवली: ज्या यंत्रावरून माणसें वैद्याशीं बोलतात, त्याच यंत्रावरून मुलें शिक्षकाशीं कां बोलूं शकणार नाहींत? यांतून १९५१ सालीं आलिस स्प्रिंग्ज येथें हवेंतील शाळा सुरू झाली. आरंभीं शिक्षक बोलत आणि मुलें ऐकत. पण लौकरच पाठाच्या शेवटीं प्रश्नोत्तरांना वेळ ठेवण्यांत आला. आपला आवाज दूरच्या गुरूला ऐकूं जातो, आणि तो आपलें नांव घेऊन उत्तर देतो, हा अनुभव त्या एकाकी मुलांना केवढा वाटला असेल याची कल्पनाच करावी. शिवाय प्रत्येक घरीं मुलाजवळ एक वडील माणूस, बहुधा आई, देखरेखीसाठीं असे. नवें शिकविण्याचा भार तिच्यावर नव्हता. मूल वेळेवर बसतें कीं नाहीं, वह्या पुऱ्या करतें कीं नाहीं आणि कोठें अडतें, हें पाहणें तिच्याकडे असे.

तिसरा प्रयोग खुद्द महाराष्ट्राच्या भूमीवर झाला. सन १९५६ मध्यें आकाशवाणीच्या पुणें केंद्रावरून, युनेस्कोच्या साह्यानें, तत्कालीन मुंबई राज्याच्या पांच जिल्ह्यांतील दीडशें खेड्यांसाठीं शेतकऱ्यांची श्रोतृमंडळें चालविण्यांत आलीं. आठवड्यांतून दोन वेळां अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गांवांतील निवडक मंडळी एकत्र बसत, कार्यक्रम ऐकत, आणि तो संपल्यावर यंत्र बंद करून त्यावर चर्चा करीत. त्यांच्या शंका पुण्यास लिहून जात आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांचीं उत्तरें येत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखालीं या प्रयोगाची कसून परीक्षा घेतली. श्रोतृमंडळें असलेलीं खेडीं, नुसता रेडिओ असलेलीं खेडीं आणि रेडिओहि नसलेलीं खेडीं यांची तुलना करण्यांत आली. जेथें मंडळें होतीं तेथें शेतकऱ्यांच्या ज्ञानांत ठळक वाढ झाली. जेथें नुसता रेडिओ होता तेथें ती नगण्य ठरली. कार्यक्रम तोच, आवाज तोच, यंत्रहि तेंच. अंतर पडलें तें ऐकल्यावर चार माणसांनीं बसून बोलण्यानें आणि विचारलेल्या शंकेला उत्तर मिळण्यानें. या यशानंतर १९५९ सालीं ही योजना देशाच्या इतर भागांत नेण्यांत आली.

आतां कोणी म्हणेल, रेडिओ हें एकेरी साधन. प्रौढ माणसें चर्चा करतील, लहान मुलांनीं काय करावें? या शंकेचें उत्तर मध्य अमेरिकेंतील निकाराग्वा या लहानशा देशांत मिळालें. तेथें १९७० नंतरच्या दशकांत स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांच्या साह्यानें प्राथमिक शाळांसाठीं रेडिओवरून गणित शिकविण्यांत आलें. त्यांतील युक्ति अगदीं साधी होती. रेडिओवरील पात्र प्रश्न विचारी, "पांच आणि तीन किती?" आणि मग कांहीं क्षण गप्प राही. त्या क्षणांत वर्गांतील सर्व मुलें मोठ्यानें उत्तर देत. मग रेडिओ सांगे, "आठ." ज्याचें उत्तर बरोबर त्याला आनंद होई, ज्याचें चुकलें त्याला तेथल्या तेथें आपली चूक कळे. कधीं बोटें मोजावयाचीं, कधीं खडे मांडावयाचे, कधीं उभें राहून टाळ्या वाजवावयाच्या, अशीं कामें पाठभर चालूं असत. शिक्षकाला मुलाचें उत्तर ऐकूं येत नव्हतें हें खरें. पण मुलाला स्वतःचें उत्तर ऐकूं येत होतें, आणि त्याची शहानिशा लगेच होत होती. नभोवाणीवर शांततेला दोष मानतात. येथें त्याच शांततेनें शिक्षणाचें काम केलें.

या युक्तीचें सामर्थ्य कशांत आहे, हें मानसशास्त्रानें पुढें अधिक स्पष्ट केलें. सन २००६ मध्यें अमेरिकेंतील सेंट लुइस येथें हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी या दोन संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार सत्रांत पुनःपुन्हां वाचावयास दिला. दुसऱ्या गटानें तो एका सत्रांत वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत पुस्तक मिटून आठवेल तें लिहिलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुनःपुन्हां वाचणारे पुढें होते. पण आठवड्यानंतर चित्र उलटलें. वाचणाऱ्यांना उताऱ्यांतील शेंकडा ४० भाग आठवत होता, आठवून लिहिणाऱ्यांना शेंकडा ६१. वाचलेलें पुन्हां वाचतांना तें ओळखीचें वाटतें, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा भ्रम होतो. आठवतांना मनाला कष्ट पडतात, आणि त्या कष्टांनींच स्मरण दृढ होतें. पुस्तक मिटवून पाठ म्हणून दाखविण्याची जुन्या शाळांतील चाल नुसती यांत्रिक नव्हती, तिच्यांत हें तथ्य होतें.

पडद्यावरील व्याख्यानासंबंधींहि असेंच आढळलें. सन २०१३ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं एकवीस मिनिटांचें चित्रित व्याख्यान चार तुकड्यांत दाखविलें. कांहीं विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकड्यानंतर लहानशी परीक्षा घेतली, कांहींची घेतली नाहीं. ज्यांची परीक्षा होत गेली त्यांचें मन इतरांच्या मानानें जवळजवळ निम्म्यानें कमी भरकटलें, आणि त्यांनीं टिपणेंहि अधिक घेतलीं. पुढें २०१४ सालीं 'एडेक्स' या ज्ञानसंस्थेच्या चित्रफितींच्या सुमारें ६९ लाख प्रेक्षणांचा अभ्यास झाला, त्यांत सहा मिनिटांच्या आंतील चित्रफितीच बहुतेक पुऱ्या पाहिल्या जातात असें दिसलें. यावरून एक तासाचें व्याख्यान सहा मिनिटांचें करावें असा अर्थ नव्हे. तें सहा सहा मिनिटांच्या भागांत वांटावें आणि प्रत्येक भागानंतर विद्यार्थ्याकडून कांहीं करवून घ्यावें, एवढाच त्याचा इत्यर्थ. एक घांस नीट चावून झाल्यावर दुसरा घ्यावा, हें शरीराप्रमाणें बुद्धीलाहि लागू आहे.

येथें लहान मूल आणि प्रौढ विद्यार्थी यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. मायकेल मूर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानें या विषयाचा मोठा विचार केला आहे. त्याच्या मतें दूरशिक्षणांतील अंतर मैलांनीं मोजावयाचें नसून तें तीन गोष्टींवर अवलंबून असतें: शिक्षक व विद्यार्थी यांच्यांत संवाद किती आहे, पाठाची बांधणी किती ताठर आहे, आणि विद्यार्थी स्वतःच्या बळावर किती चालूं शकतो. संवाद कमी झाला कीं अंतर वाढतें, आणि तें कापण्याचा भार विद्यार्थ्याच्या स्वावलंबनावर येऊन पडतो. प्रौढ मनुष्य हा भार कांहीं अंशीं पेलूं शकतो. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठ १९६९ सालीं स्थापन झालें. भारतांत दिल्लीचें इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ सालीं, आणि नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं. नोकरी करणारे, संसार सांभाळणाऱ्या स्त्रिया, अर्ध्यावर शिक्षण सुटलेले तरुण अशा असंख्यांना या संस्थांनीं विद्येचें दार उघडून दिलें. त्यांचीं पाठ्यपुस्तकें साध्या पुस्तकांहून वेगळीं असतात. त्यांत मधून मधून प्रश्न असतात, उत्तर लिहिण्यास जागा असते, आणि आपलें उत्तर ताडून पाहण्याची सोय असते. अभ्यासकेंद्रें असतात, तेथें समंत्रक भेटतात. म्हणजे येथेंहि परतीची वाट मोकळी ठेवण्याचीच खटपट आहे.

ही वाट बंद पडली म्हणजे प्रौढहि टिकत नाहीं. महाजालावरून हजारोंना एकाच वेळीं फुकट शिकविणारे अभ्यासक्रम निघाले तेव्हां विद्यापीठांच्या भिंती आतां पडल्या असें अनेकांस वाटलें होतें. परंतु हार्वर्ड व मॅसॅच्युसेट्स येथील अशा अभ्यासक्रमांची जी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली, तिच्यांत २०१७-१८ या वर्षीं नांव नोंदविणाऱ्या शंभरांपैकीं जेमतेम तिघांनीं अभ्यासक्रम पुरा केल्याचें आढळलें. कित्येकांनीं केवळ कुतूहलानें नांव घातलें असेल. तरीहि हा आंकडा बोलका आहे. जेथें प्रौढांची ही कथा, तेथें नऊ वर्षांच्या मुलानें एकट्यानें पडद्यासमोर बसून अपूर्णांक शिकावेत ही अपेक्षा किती कठोर आहे!

मग लहान मुलासाठीं करावें काय? याचें एक उत्तर, साथीच्या त्याच काळांत, आफ्रिकेंतील बोट्स्वाना देशानें दिलें. तेथें सुमारें साडेचार हजार कुटुंबें घेऊन एक प्रयोग झाला, आणि त्याचे निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाले. कांहीं घरांना दर आठवड्यास साध्या मोबाइलवर गणिताचीं उदाहरणें संदेशानें पाठविलीं. कांहींना तेच संदेश पाठवून शिवाय आठवड्यांतून एकदां पंधरा ते वीस मिनिटें शिक्षकानें दूरध्वनि केला. पालक व मूल दोघेहि ऐकत, शिक्षक एक उदाहरण घाली आणि मुलाकडून तें सोडवून घेई. नुसत्या संदेशांचा फारसा उपयोग झाला नाहीं. संदेशाबरोबर दूरध्वनि आला तेथें मात्र मुलांची गणितांत निश्चित प्रगति झाली. चित्र नाहीं, पडदा नाहीं, महागडें यंत्र नाहीं. आठवड्यांतील वीस मिनिटें एका माणसानें एका मुलाचें ऐकून घेतलें, एवढेंच.

हे सारे दाखले एकत्र केले म्हणजे दूरच्या शिक्षकानें काय करावें हें आपोआप उलगडतें. त्याच अपूर्णांकाच्या पाठाकडे पुन्हां वळावें. शिक्षकानें आदल्या दिवशींच निरोप द्यावा, "उद्यां पाठाच्या वेळीं दोन भाकरी किंवा भाकरीएवढे कागदाचे दोन गोल जवळ ठेवा." ज्या मुलाच्या हातांत वस्तु आहे त्याचें मन सहसा भटकत नाहीं. पाठाच्या आरंभीं शिक्षकानें कांहीं न शिकवितां प्रश्न घालावा, "तिसरा हिस्सा मोठा कीं पाव हिस्सा? वहींत लिहा, एकमेकांस विचारूं नका." मग खरोखरीच थांबावें. पडद्यावर अर्ध्या मिनिटाची शांतता शिक्षकाला फार लांब वाटते, पण मुलाला विचार करण्यास ती लागतेच. नंतर सर्वांनीं आपली वही एकाच वेळीं पडद्यासमोर धरावी. एकेकानें सांगितलें तर पहिल्या हुशार मुलाचें उत्तर बाकीचे उचलतात. एकदम दाखविलें म्हणजे प्रत्येकाची चूक प्रत्येकाची राहते, आणि ती शिक्षकाला दिसते. कपाळावरील आठीऐवजीं ही वही त्याला खूण देते.

मग भाकरी मोडावी, हिस्से शेजारीं शेजारीं ठेवून पाहावेत आणि मुलानें स्वतःच्या शब्दांत सांगावें कीं वांटेकरी वाढले म्हणजे वांटा लहान होतो. ज्यांचें चुकलें होतें त्यांपैकीं दोघा-तिघांना नांवानें, पण न लाजवितां, बोलतें करावें. शेवटीं एक नवा प्रश्न द्यावा, एक पंचमांश व एक षष्ठांश यांचा, म्हणजे समजलें कीं पाठ झालें याची पारख होते. आठवड्यानें हाच प्रश्न पुन्हां विचारावा. लिहून आलेल्या कामावर नुसती बरोबरची खूण किंवा "छान" असा शेरा पुरत नाहीं. चूक कोठें झाली आणि पुढें काय करून पाहावें, हें एका ओळींत लिहावें, आणि तें एकदोन दिवसांत परत करावें. महिन्यानें परत आलेली वही मुलाला परक्याची वाटते. वर्ग मोठा असेल तर चार-पांच मुलांचे गट पाडावेत. पुण्याच्या श्रोतृमंडळांप्रमाणें त्यांनीं आपसांत बोलावें आणि जी शंका त्यांच्यानें सुटणार नाहीं ती शिक्षकाकडे पाठवावी. ज्या मुलाकडून आठवडाभर कांहींच आलें नाहीं, त्याच्या घरीं दूरध्वनि करावा. दूरशिक्षणांत मौनाला संमति समजणें फार महागांत पडतें.

घरच्या मंडळींचेंहि यांत कांहीं कर्तव्य आहे, आणि कांहीं पथ्य आहे. साथीच्या दिवसांत पडद्याआड उभ्या राहून आया मुलांना हळूच उत्तर सांगत, ही गोष्ट हंसण्यावारी गेली. तिच्यामागें प्रेमच होतें. परंतु त्या कुजबुजीमुळें शिक्षकाला मुलाचें अडणें कळण्याचें एकुलतें एक द्वार बंद होत होतें. आईच्या उत्तराला शाबासकी मिळे, आणि मुलाची चूक मुलाजवळच राही. घरांत मुलाची चुकण्याची सोय असली पाहिजे. अभ्यासाची जागा व वेळ ठरलेली असावी; पाठ चालूं असतां त्याच खोलींत वडिलांचें मोठ्यानें बोलणें किंवा दूरचित्रवाणी नसावी. एका यंत्रावर दोन भावंडें शिकत असतील तर यंत्र नेहमीं थोरल्याकडे किंवा मुलाकडेच जाऊं नये; मुलीच्या पाठालाहि तेवढाच मान असावा. आणि संध्याकाळीं "अभ्यास झाला का?" असें विचारण्यापेक्षां "आज गुरुजींनीं काय विचारलें, आणि तूं काय उत्तर दिलेंस?" असें विचारावें. पहिल्या प्रश्नाला "हो" म्हणून सुटतां येतें, दुसऱ्यासाठीं आठवावें लागतें. आई-वडिलांना तो विषय येत नसला तरी चालतें. किंबहुना न येणाऱ्याला समजावून सांगतांना मुलाचें स्वतःचें ज्ञान पक्कें होतें.

दूरशिक्षणाच्या मर्यादाहि मोकळ्या मनानें मान्य केल्या पाहिजेत. मधल्या सुटींतील खेळ, मित्राशीं झालेलें भांडण व समेट, प्रयोगशाळेंतील हाताचें काम, गरीब मुलाला शाळेंत मिळणारा दुपारचा घांस, यांपैकीं कांहींच तारेंतून किंवा लहरींतून पाठवितां येत नाहीं. शाळा उघडी असतां तिच्या जागीं पडदा बसविणें हा शहाणपणा नव्हे. पण पूर, साथ, आजारपण, वडिलांची बदली, लहान वयांत पडलेला संसाराचा भार, अशा कारणांनीं शाळेपासून तुटणारीं माणसें नेहमींच राहणार. त्यांना दूरचें शिक्षण हेंच शिक्षण. तें पातळ आणि कामचलाऊ असावें, असा कोठला नियम आहे? पिटमनच्या टपालापासून बोट्स्वानाच्या दूरध्वनीपर्यंत एवढें सिद्ध झालें आहे कीं साधन साधें असलें तरी, विद्यार्थ्याचें उत्तर शिक्षकापर्यंत पोंचून त्यावरची दुरुस्ती परत येत असेल, तर शिक्षण उत्तम होतें. आणि साधन कितीहि दिपवून टाकणारें असलें तरी ही ये-जा नसेल, तर तो केवळ देखावा होतो.

याची पारख करण्यास मोठ्या सामग्रीची जरुरी नाहीं. घरांत कोणी तिसरी-चौथींतलें मूल दूरच्या गुरूकडून शिकत असेल, तर आज रात्रीं जेवतांना ताटांतील भाकरी हातांत घ्यावी आणि त्याला विचारावें, "हिचा तिसरा हिस्सा देऊं कीं चौथा?" उत्तर चुकलें तर रागावूं नये, भाकरी मोडून त्याच्यापुढें ठेवावी. आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या गुरुजींना दोन ओळी लिहून कळवावें कीं तें येथें अडलें होतें.